न घातलेला रंग

ट्युनिसच्या प्रयोगशाळेत रीम हृदयाच्या अशक्त पेशींवर नवं औषध तपासत होती. पेशीत कॅल्शियम वाढलं, म्हणजे तिला बळ आलं, की आत सोडलेला रंग हिरवा चमकायचा, आणि औषध घातलं की तो हमखास चमकायचा. पुढच्या आठवड्यापासून ते औषध रुग्णांना दिलं जाणार होतं.

त्या सकाळी ती रंग घालायलाच विसरली, नुसतं औषध घातलं. तरीही पेशी हिरव्यागार चमकल्या.

ती धावतच प्राध्यापक बशीरांकडे गेली. "उस्ताद, घात झाला! हे कॅल्शियम नाहीच, औषधच चमकतंय. पेशींवर त्याचा काही परिणाम होतो, याला आपल्याकडे पुरावाच नाही!"

बशीरांनी शांतपणे उठून दार लावलं.



"बस, बेटी. तुझ्या आधी या जागेवर जी होती ना, तीही अगदी हेच म्हणत होती."