दारावरचा लाल क्रॉस

पूर ओसरल्यावर नर्स ड्यूटीवरून थेट घराकडे धावली. पायाला प्लास्टर असलेला नवरा घरी एकटाच होता. दारावर रंगाने काढलेला मोठा लाल क्रॉस दिसला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

रंगाचा डबा घेऊन उभ्या असलेल्या बचाव पथकातल्या माणसाला तिने विचारलं, "दादा, आमच्या ह्यांना कुठल्या हॉस्पिटलात नेलंय?"

त्याने मान खाली घातली. "ताई, ही दवाखान्याची खूण नाही. घर तपासलं, आत कुणी जिवंत नाही, अशी आमची खूण आहे ती."

ती उंबऱ्यावर मटकन बसली.

तेवढ्यात शेजारीण चिखल तुडवत आली. तीही म्हाताऱ्या आईला घरी ठेवून रात्रपाळीला गेली होती आणि कारखान्यातच अडकली होती. स्वतःच्या दारावरचा लाल क्रॉस पाहून तिचा चेहरा उजळला.

"वहिनी, आमच्याकडेही डॉक्टर येऊन गेले वाटतं! सुटले बाई एकदाची काळजीतून."

तो माणूस काही बोलणार, तोच नर्सने त्याला हातानेच थांबवलं.

"हो गं," ती म्हणाली. "ये, आधी जरा माझ्याजवळ बस."