कस्तुराबाईंच्या हातची वेणी

इंदुरीच्या कस्तुराबाई अकरा दिवस आयसीयूत व्हेंटिलेटरवर होत्या. शुद्ध अशी नव्हतीच. तरी माधवी सिस्टर रोज भेटीच्या वेळेआधी त्यांचे केस विंचरून वेणी घालायची. घरच्यांना आपलं माणूस नीटनेटकं दिसावं, एवढंच तिचं म्हणणं.

सून रूपा घरून खोबरेल आणायची. एकदा सासूकडे बघत म्हणाली, "सिस्टर, आमच्या आत्या आळीतल्या समद्या पोरींच्या वेण्या घालायच्या. वेणी झाली की पाठीत धपाटा. त्याच्या आदी उठली पोर, की परत सोडून घालायच्या!"

आज दुपारी कस्तुराबाई गेल्या. माधवीनं नळ्या काढल्या, त्यांचं अंग पुसलं, शेवटची वेणी घातली आणि मग रूपाला आत बोलावलं.

रूपा पोटभर रडली. वेणीवरून हात फिरवत म्हणाली, "लय मायेनं केलंत. आमच्या आत्या कुनाचं ठेवून घ्यायच्या न्हाईत, सिस्टर."

ड्युटी संपल्यावर माधवी कपडे बदलायच्या खोलीत आली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. आरशासमोरच्या स्टुलावर बसून तिनं डोक्यावरची टोपी काढली.

सकाळी पिना लावून घातलेला अंबाडा तिथं नव्हता. पाठीवर वेणी उतरली. घट्ट, चोपून घातलेली, खोबरेलाच्या वासाची. टोकाशी वीतभर केस तेवढे अजून मोकळे होते.

माधवी उठणार होती. पण उठली नाही. मान ताठ धरून, डोळे मिटून, लहान मुलीसारखी बसून राहिली.

केसांना हलके हिसके बसत राहिले. मग थांबले.

आणि पाठीत अलगद धपाटा बसला.