बायकांना काय कळतंय?

सिद्धेश्वरी सोलापुरात घरबसल्या एका कंपनीसाठी लंडनवाल्यांचे तक्रारीचे फोन घ्यायची. तिकडं अख्खं घर गॅसच्या बॉयलरवर ऊबदार राहतं. तो टाकीचा की बिनटाकीचा, एवढं विचारून ती फोनवरच बिघाड ओळखायची.

त्या सकाळी घरचाच गॅस गीझर बंद पडला. ती पाना घेऊन उठली, तर सासरे वीरभद्रप्पा गरजले, "ठेव ते! बायकांना मशीनमधलं काय कळतंय? मिस्त्री येईल की."

मिस्त्री काही आला नाही. सासऱ्यांना थंड पाणी सोसवेना, आंघोळीशिवाय लिंगपूजा नाही अन् पूजेशिवाय घास नाही. दुपारी दोनला ते तिच्या दाराशी आले. "सूनबाई, जरा बघतीस का?"

तिनं शांतपणे हेडफोन कानाला लावला.


"रांगेत थांबा, मामा. तुमच्या आधी लंडनच्या दोन बायका हायत."