एकोणचाळीस टक्के

पडद्यावरची निळी रेघ घसरत घसरत तळाला टेकली तेव्हा सरांनी टाळ्यांसाठी जागा सोडली. टाळ्या आल्या. येणारच होत्या, पहिल्या दोन रांगा सरांच्याच विभागाच्या होत्या.

"एकोणचाळीस टक्के!" सर म्हणाले. "मुलींच्या वसतिगृहाची पूर्वेकडची इमारत. तीन महिन्यांत विजेचा वापर एकोणचाळीस टक्क्यांनी खाली. आणि आम्ही केलं काय? प्रत्येक बटणाशेजारी एक स्टिकर लावलं. 'मला बंद कराल ना?' बस्स! हवामानबदलाशी लढाई अशी बटणापासून सुरू होते."

पाहुण्या तज्ज्ञबाईंनी वहीत 'स्टिकर' लिहून खाली दोन रेघा मारल्या. अशी माणसं रेघा फार मारतात.

खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून माळी, शिपाई, वायरमन यांनाही मागे आणून बसवलं होतं. ते दिसले आणि बाईंना लोकांत मिसळायची हुक्की आली. "प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचंही ऐकू या. काका, तुम्हाला काय फरक जाणवला?"

वायरमन उभा राहिला. "फरक पडणारच ना, बाई. वरचे दोन मजले, तिसरा आणि चौथा, गळत होते. ते तीन महिने दुरुस्तीला रिकामे होते. कुणी राहतच नव्हतं तिथं."

कुणीतरी खोकलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर शहाणा माणूस गप्प बसतो. सर कावळ्याच्या वजनावर व्याख्यान देतात.

"काका, मजले बरेच, महिने बरेच. गल्लत होते माणसाची," सर हसून म्हणाले. "रीडिंग घेणारी आमची विद्यार्थिनी इथंच आहे. सांग गं, काय ते."

ती तिसऱ्या रांगेतून उठली. हातात प्रबंध सादर करायचा अर्ज, त्यावर मार्गदर्शकाच्या सहीची जागा कोरी. मुदत उद्याची. साडेचार वर्षं त्या सहीत अडकली होती. मजले रिकामे होते हे तिनं सरांना दोनदा सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा सर "तो किरकोळ तपशील आहे" म्हणाले होते.

"रीडिंग बरोबर आहेत," ती म्हणाली.

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, म्हणून तर ते जास्त हलकट होतं. अडाण्याला माफ करावं तसे लोक वायरमनकडे पाहून हसले. तो खाली बसला. पाहुण्याबाईंनी सगळ्या वसतिगृहांत स्टिकर लावायची शिफारस जाहीर करून टाकली.

चहाच्या वेळी सरांनी तोंडात बिस्किट धरून सही ठोकली. मजकूर वाचलाही नाही.

ती अर्ज घेऊन बाहेर आली. व्हरांड्यात वायरमन शिडी खांद्यावर घेत होता. तिला पाहून थांबला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं.

"ताई, चौथ्या मजल्यावरून तुमची कॉट आपण दोघांनीच तर खाली आणली होती."