दहावीचं निमित्त

"आई, माझी दहावी नसती तर तू पोर्तुगालला गेली असतीस का?"

मैत्रिणींनी डिवचून विचारायला लावलेला प्रश्न शाल्मलीने गवार मोडता मोडता विचारून टाकला. आई घरूनच परदेशी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. तिकडे राहून हेच काम करायचा वर्षभराचा व्हिसा तिला मिळाला होता, आणि "पोरीची दहावी आहे" म्हणत ती तो सोडून द्यायला निघाली होती.

"गेले असते," आई पटकन म्हणाली. मग आपल्याच घाईला ओशाळून तिने मान खाली घातली आणि कोवळ्या शेंगाही जून म्हणून टाकायला लागली.

"तुला सोडून कशी जाऊ?" हे उत्तर येणार अशी शाल्मलीची खात्री होती. क्षणभर तिला टोचलं. पण आईला स्वतःला काही हवं असतं, हे तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"अगं, विचारायचं असतं का असं?" बाबा पेपरआडून पुटपुटले.

"बाबा, आई जाणार," शाल्मलीने जाहीर केलं. "दहावी माझी आहे, ती मी देईन. तुम्ही उद्यापासून कुकर लावायला शिका."