थंड खोलीतलं स्टूल

भट्टीपुढे सगळेच घामाघूम, त्यामुळे बेकरीत माझा घाम कुणाला वेगळा दिसत नव्हता. पाळी जायच्या वयातली आग अंगात उसळली, की लोणी बघायच्या निमित्ताने मी थंड खोलीत जाऊन उभी राहायची. डॉक्टरीणबाईंनी तपासून हार्मोनच्या पट्ट्या दिल्या होत्या, पोटावर चिकटवायच्या; घरात काय म्हणतील म्हणून त्या पर्समध्येच पडून होत्या. आज सासूबाई मागोमाग आल्या. “लोणी काय पळून जातंय?” मी घडाघडा सगळं सांगितलं. म्हटलं, आता ऐकावं लागणार, ‘आमच्या वेळी नव्हती असली थेरं!’ त्यांनी कोपऱ्यातलं जुनं स्टूल पायाने सरकवलं. “बस.” “हे वरच्या फळीसाठी आहे ना, आई?” “वरच्या फळीला हात पोचतो माझा.” त्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. “लाव ती पट्टी. आमच्या वेळी विचारणारं कुणी नव्हतं. स्टूलसुद्धा माझं मीच आणलं.”