वाळत घातलेलं लुगडं

तालुक्याहून आलेली भोंग्याची रिक्षा इंदुरीच्या पुलावर आली तसा रेणुकानं मिक्सर लावला. भांड्यात काहीच नव्हतं. तो नुसताच घरघरत राहिला. 'शहीद सुहास' हे शब्द तेवढे ओसरीपर्यंत जायला नको होते.

सुहास तिचा नवरा. सीमेवरच्या लढाईत तो पहाटे गेला, हे तिला दुपारच्या जेवणानंतर फोनवर कळलं. उद्या सकाळी त्याला गावात आणणार होते. तोवर त्याच्या आईला, चिमाबाईंना, काही कळू द्यायचं नव्हतं. म्हातारीच्या हृदयात दोन स्प्रिंगा होत्या. धक्का बसू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

गावात म्हणे गुपित टिकत नाही. आज सगळं गाव एका म्हातारीसाठी तोंड शिवून बसलं होतं. धाकट्या दिरानं, प्रज्ञेशनं, केबल बंद करवली. नदीकाठी जेसीबी अंत्यविधीसाठी जागा सपाट करत होता. चिमाबाईंनी विचारलंच, तर पोरांना मैदान करतायत म्हणून सांगायचं ठरलं. तरी रेणुकाच्या जिवात जीव नव्हता. सातवा महिना. आणि मेलं रडायचीही चोरी.

एरवी टीव्ही बंद पडला की चिमाबाई घर डोक्यावर घ्यायच्या. आज चकार शब्द नाही. सकाळीच त्यांनी पौर्णिमेला विहारात वंदनेला नेसायचं पांढरं लुगडं धुऊन दोरीवर टाकलं होतं. पौर्णिमेला तर अजून आठ दिवस होते. मग दुपारी रेणुकाला समोर बसवून दोन भाकरी खायला लावल्या. ती नको म्हणाली तर चक्क ओरडल्या.

रिक्षा लांब गेली. मिक्सर मात्र चालूच होता.

"बंद कर त्यो." चिमाबाई दारात उभ्या होत्या. हातात वाळलेलं लुगडं होतं.

"चटणी वाटतेय, आई."

चिमाबाईंनी पुढं होऊन स्वतःच बटण दाबलं. रिकाम्या भांड्याकडं पाहिलं. मग रेणुकाचा हात घट्ट धरला.

"सुहासच्या फौजेतल्या कागदावर पैलं नाव माजं हाय, पोरी. सायबाचा फोन सकाळी मलाच आलता. मीच त्येंच्या हातापाया पडले. म्हनलं, सून दोन जिवांची हाय. दोन घास खाऊ द्या तिला, मंग सांगा."